माझ्या नावावर दोघी

२० जुलै २०२५, रविवार

वाईट रिपोर्ट माझाच निघाला. निघणारच होता!

बाबांनी सकाळी मोबाइल नाकापुढे धरून जाहीर केलं. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरी बघत असताना कोणाची रजा कापली हे असंच जाहीर करत असतील. "जया, तुया कोलेस्टेरॉल लय वाढला. सारं लाल अक्षरात आलं पाय." आत कुकर शिट्ट्या मारत होता, तरी आईला ऐकू गेलं. माझ्याबद्दलचं वाईट आईला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं.

"अन् मृणालचा?"

"तिचा चांगला हाय. एकदम नॉर्मल. पाठवून देल्ला तिले."

एकदम नॉर्मल! माझी धाकटी बहीण जन्मली तेव्हापासून एकदम नॉर्मल आहे.

एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण मोठ्याने कुठेच बोलता येत नाही. आमच्या घरात माझ्या नावावर दोन जणी आजारी आहेत. मला पीसीओएस आहे, सतराव्या वर्षापासून. पाळी तीन-तीन महिने गायब, हनुवटीवर केस, वजन तर विचारूच नका. मृणाललाही तेच आहे. पण ती काडी! तिच्या हनुवटीवर काही नाही. म्हणून कोणाला कळत नाही, आणि कळू द्यायचंही नाही. टिकारामची लॅब इथेच, भिलाईच्या कोहक्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. अर्धा मराठी समाज तिथे रक्त देतो. चिठ्ठीवर नाव दिसलं की संध्याकाळपर्यंत मराठी मंडळात पोचतं. म्हणून मृणालच्या तपासण्या लग्नाआधीपासून माझ्या नावाने होतात. आईचा हिशेब सरळ आहे — "तुयं नाव तं झालंच हाय. तिचं कायले करता?"

यंदाही तसंच. मागच्या रविवारी मी कोचिंगच्या कामाने रायपूरला गेले होते, तेव्हा ती येऊन रक्त देऊन गेली. मी शुक्रवारी दिलं. काल रात्री दोन्ही रिपोर्ट बाबांच्या मोबाइलवर आले. दोन्हींवर नाव माझं, वय माझं. बाबांनी वाटून दिले.

आईने तेलाची बरणी माझ्यासमोर उचलून वरच्या फळीवर ठेवली. जणू मी ती तोंडाला लावणार होते.

२२ जुलै, मंगळवार

डॉक्टर खुशबू मॅडमकडे गेले. नेहरू नगरला, आमच्या कोचिंगच्या मागेच. गणिताच्या दोन बॅचच्या मधल्या वेळात.

मॅडमने रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. "जया जी, पीसीओएस सिर्फ पीरियड का मामला नहीं है. दिल का भी है." मग समजावून सांगितलं. शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही, साखर वाढते, रक्तात चरबी वाढते, बीपी चढतं, आणि हे सगळं वर्षानुवर्षं गुपचूप नळ्यांना खात राहतं. पाळी नाही आली तर निदान कळतं तरी. हे कळत नाही.

घरात कोणाला हृदयाचं होतं का? मी रमाआत्याचं सांगितलं. बाबांची बहीण. चव्वेचाळिसाव्या वर्षी एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या गेली. छाती दुखते असं म्हणालीच नव्हती. पाठ आणि जबडा दुखतो म्हणत होती. मॅडमचा पेन थांबला. "औरतों में अक्सर ऐसे ही होता है. और लोग गॅस बोलते हैं."

सहा आठवडे खाणं आणि चालणं. मग परत तपासणी, मग गोळीचं ठरवू.

उठताना विचारलं — माझ्या ओळखीची एक आहे, तिला पण हेच आहे, पण बारीक आहे. मॅडम म्हणाल्या, "दुबली को भी उतना ही देखना पड़ता है. बस, कोई देखता नहीं."

घरी हे सांगितलं नाही. कशाला? तिचा तर नॉर्मल आहे ना!

२७ जुलै, रविवार

दुधी. उकडलेला. बिनफोडणीचा. पाचव्या दिवशीही दुधी.

३ ऑगस्ट, रविवार

दर रविवारी येतात तसे मृणाल आणि तिचा नवरा धनंजय जेवायला आले. आईने भरलेली वांगी केली, वर तर्रीचा थर. मृणालने तीन पोळ्या खाल्ल्या, मग शिरा. मग पुन्हा शिरा. आणि तिची कंबर? माझ्या ओढणीत दोनदा गुंडाळता येईल.

माझ्या ताटात दुधी आणि सगळ्यांचे डोळे.

"ताई, चालणं सुरू हाय न?" — धनंजय. "किती खाल्ल्या पोळ्या?" — आई. "बीपी पाहिला का आज?" — बाबा. मी एक घास उचलला की चौघांची मान वळते. मृणालला कोणी काही विचारत नाही. ती गुपचूप खात होती. मला तर वाटतं मला दाखवून खात होती.

मग गच्चीवर पापड आणायला गेली आणि खाली आल्यावर जिन्याच्या पायरीवरच बसली. धाप लागली म्हणे. धनंजय पाणी घेऊन धावला! मी रोज चार किलोमीटर चालते, माझ्यासाठी कोणी धावत नाही.

धनंजय मला 'ताई' म्हणतो. हे लिहितानाही अंगावर काटा येतो. सात वर्षांपूर्वी तो या घरात पोहे खायला आला होता तो मला बघायला. मोरपंखी साडी नेसले होते मी. आम्ही वीस मिनिटं बोललो आणि तो दोनदा मनापासून हसला. आईने तेव्हा प्रामाणिकपणे त्याच्या आईला सांगितलं — पोरीला असं असं आहे, औषध सुरू आहे. त्या म्हणाल्या, कळवतो. दोन महिन्यांनी कळवलं. धाकटी आहे ना तुमची, तिचं बघता का?

आईने त्या दिवशी धडा घेतला. मोठीचं खरं सांगून स्थळ गेलं, तर धाकटीचं सांगायचंच नाही. मृणालला त्याच्या वर्षभर आधीच तेच निघालं होतं.

माझ्या खऱ्यावर तिचा संसार उभा आहे. हे मी कोणाला म्हणू?

९ ऑगस्ट, शनिवार

वजन दोन किलोने कमी! घरात सांगितलं. आई म्हणाली, "काटा बिघडला असन."

१७ ऑगस्ट, रविवार

मंडळाच्या बायका गणपतीची वर्गणी मागायला आल्या. एकीने माझ्या हनुवटीकडे बघत विचारलं, "तब्येत कशी हाय आता?" आणि दुसरी लगेच, "मृणाल कशी दिसते बाप्पा! लग्नाले सात वर्सं झाले वाटत नाई. आता गोड बातमी येऊ द्या म्हना."

आईने दोघींना चिवडा दिला. मी आत जाऊन पेपर तपासले आणि चार पोरांना उगाच नापास केलं. मग रागाने परत पास केलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

पोळा. आई बाजारातून साडी घेऊन आली. तीजाची, म्हणजे आपल्या हरतालिकेची. इथल्या छत्तीसगढी घरांत तीजाला लग्न झालेली लेक माहेरी आणतात, साडी देतात. भिलाईत इतकी वर्षं काढून आमच्या आईनेही ती रीत उचलली. लग्न झालेल्या लेकीची रीत. दुसऱ्या लेकीचं काय, ते रीतीत नाही.

साडी मोरपंखी आहे! आईला आठवणही नसेल. मी हात लावून पाहिला आणि म्हटलं, छान आहे. जीव असा जळला की संध्याकाळचं चालणं दुप्पट झालं. डॉक्टर मॅडम खूश होतील.

२५ ऑगस्ट, सोमवार

बाबा जाऊन मृणालला घेऊन आले. उद्या तीजाचा निर्जळी उपास, म्हणून आज शेजारच्या साहूकाकूंकडे करू भात खायला गेलो. कारल्याची भाजी आणि भात. काकू मला म्हणाल्या, "तैं तो ए साल पतरा गे हस!" — बारीक झालीस! भिलाईभर ही एकच बाई निघाली बघणारी.

परत येताना मृणाल म्हणाली, "ताई, पाठीत जळजळ करून राहिलं. इथून जबड्यापर्यंत." आई म्हणाली, कारल्याने झाला गॅस. ओवा दिला.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, उद्या उपास नको करू. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मृणालच्या कुंकवावर उठले होते. मग मी विषय सोडला. माझ्या तोंडून ते तसंच ऐकू येणार. नवरा नसलेल्या मोठ्या बहिणीने लहानीला तीजा मोडायला सांगायचं!

२६ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी मृणाल स्वयंपाकघरात पडली. ओट्याला धरत धरत खाली बसली, घामाने चिंब, ओठ पांढरे. पाणी पाजलं. उपास मोडला. धनंजय प्लांटमधून सुटी टाकून पळत आला.

मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. आईचे डोळे चमकले. "थांब व. तारखा पुढं गेल्या हायेत तिच्या. तसंच असन. आत्ता दवाखाना नको, कोनाच्या डोयात भरन. गणपती-महालक्ष्म्या होऊ दे." धनंजयने ऐकलं आणि एकदम लहान मुलासारखा लाजला. मृणाल भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

अगं आई, तिच्या तारखा पुढे जातातच! तुला माहीत नाही? माझ्या नावाने तिचं रक्त कशासाठी तपासतेस मग?

पण हे मी मनात म्हटलं. कारण खरं सांगू — मला त्या क्षणी तेच खरं वाटलं. मला वाटलं, झालं. आता हेही तिला मिळालं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. साडी, नवरा, बारीक कंबर, नॉर्मल रिपोर्ट आणि आता बाळ. देव तिला वाढताना हात आखडत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

परत रक्त दिलं. टिकारामला म्हटलं, या वेळी रिपोर्ट माझ्याच मोबाइलवर पाठव.

३० ऑगस्ट, शनिवार

नीट लिहिते.

रिपोर्ट नॉर्मल आला. सगळा! एकही लाल अक्षर नाही. मी कोचिंगच्या जिन्यात उडी मारली. खुशबू मॅडमकडे गेले ती पेढे मागायच्या थाटात.

मॅडमने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. ओळीओळीवर पेन फिरवला. मग — "छह हफ्ते की लौकी से इतना नहीं गिरता, जया जी. वजन घटाया, बहुत अच्छा किया. सालाना जाँच चालू रखिए, खतरा आपको भी है. लेकिन ये पहला वाला… ये आपका खून है?"

मला राग आला. इतके दिवस दुधी खाल्ला त्याचं काही नाही का? बाहेर येऊन स्कूटीवर बसले आणि जुना रिपोर्ट पहिल्यांदा वरून खालपर्यंत वाचला. रक्त घेतल्याची तारीख — १३ जुलै. तो रविवार. मी रायपूरला होते.

१३ जुलैला रक्त मृणालने दिलं होतं.

घरी आले. बाबांना विचारलं, दोन रिपोर्टांतला कोणता कोणाचा हे कसं ठरवलं? बाबा गडबडले. "अवं, एक खराब होता, एक चांगला होता. खराब तुयाच असन न! त्यात पाहायचं काय?"

त्यात पाहायचं काय. माझ्याकडे पाहून त्यांनी माझ्या बहिणीचं रक्त मला दिलं.

जबडा. पाठ. जिन्यावरची धाप. मी आईला म्हटलं, आत्ता फोन करते धनंजयला. आईने माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. "त्याले काय सांगशीन? सात वर्सं फसवलं म्हून? ज्या कारणानं तुले नाई म्हनलं तेच तिले होतं म्हून? घरी पाठवतीन तिले. परवा महालक्ष्म्या हायेत, तिच्या सासरचे सारे येतीन. उठू दे महालक्ष्म्या. मंगळवारी मीच नेतो तिले डॉक्टरकडे, तुया नावानं."

माझ्या नावानं!

मी हो म्हटलं. आईची भीती खरी आहे म्हणून म्हटलं, असं लिहिणार होते. पण ही वही मी दुसऱ्या कोणासाठी लिहीत नाही. संध्याकाळभर मला बरं वाटत होतं. मी निरोगी, ती आजारी. दोन दिवस तरी हे माझ्याजवळ राहू दे, असं वाटलं.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या. सवाष्ण म्हणून मृणाल पहिल्या पाटावर, मोरपंखी साडीत. पुरणपोळी, वडे, आंबील, सोळा भाज्या. मी वाढायला होते. तुपाचं भांडं माझ्या हातात.

तिच्या ताटाशी पोचले आणि हात थांबला. धनंजयची आई म्हणाली, "वाढा न, लाजता कायले? आमच्या सुनेले सारं पचते." सगळे हसले. मृणालही हसली आणि वाटी पुढे केली. मी तूप न वाढता पुढे सरकले. मागून कोणीतरी म्हणालं, "बहिनीचाच डोया लागन." आईने पाठीमागून येऊन तिला तूप वाढलं.

नंतर मोरीपाशी गाठून मृणालला म्हटलं, उद्या माझ्यासोबत खुशबू मॅडमकडे चल. "कावून? मी तं फिट हाय, ताई." असं म्हणून तिने हात धुतले आणि ओल्या हाताने माझा गाल ओढला. मला तिथेच सांगता आलं असतं. बाहेर तिची सासू होती.

२ सप्टेंबर, मंगळवार

मृणाल दवाखान्यात. हार्ट अटॅक.

३ सप्टेंबर, बुधवार

काल दुपारी महालक्ष्म्या उठवत होतो. मृणालने मुखवटा उचलला आणि परत ठेवला. म्हणाली, जबडा फुटून राहिला. घाम सुटला. आई ओवा आणायला वळली. मी ओरडले — गॅस नाही हा! धनंजयच्या गाडीत तिला घातलं, मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. साडीचा पदर चिंब झाला होता.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, पहले से कोई बीमारी? धनंजय म्हणाला, "कुछ नहीं सर. एकदम फिट है. प्रॉब्लम तो इनकी दीदी को है." आणि माझ्याकडे हात केला. डॉक्टर, नर्स, सगळ्यांनी माझ्या कंबरेकडे पाहिलं. आई माझ्या मागे होती. तिने माझी ओढणी ओढली.

मी बोलले. पीसीओएस हिला आठ वर्षांपासून आहे. कोलेस्टेरॉल दोनशे चाळीसच्या पुढे, ट्रायग्लिसराइड त्याहून जास्त. आत्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. मोबाइल काढून रिपोर्ट दाखवला. डॉक्टर म्हणाला, इस पर तो जया लिखा है. मी म्हटलं, जया मी आहे. रक्त हिचं आहे.

मग ते तिला आत घेऊन गेले. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. जाळी बसवली. वाचली.

धनंजय बराच वेळ खिडकीशी उभा होता. मग माझ्याकडे आला. मला वाटलं, आता बोलणार — सात वर्षं, फसवणूक, सगळं. तो म्हणाला, "ताई, या आजाराच्या गोळ्या ती लपून घेत असन. कोणत्या, माहीत हाय का तुमाले? डॉक्टर विचारून राहिले." मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. पुढचं काय होईल ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

आई मला एवढंच म्हणाली — "साऱ्यांसमोर सांगाचं होतं काय व?"

४ सप्टेंबर, गुरुवार

आई आयसीयूच्या दारातून हलत नाही. काचेतून मृणालकडे बघते, पदराने डोळे पुसते. मला डेंगी झाला तेव्हा दवाखान्यात बाबा बसले होते, आई मंडळाचं हळदीकुंकू आटोपून आली होती. आठवलंच! बहिणीच्या छातीत जाळी, आणि मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून अजून जळते आहे. आता आजारही तिचाच झाला. मी कोण उरले या घरात?

लाज वाटली. पण आलं मनात ते आलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मृणालला वॉर्डात आणलं. आई चहाला गेली तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी सांगायला सुरुवात केली — रिपोर्टांची अदलाबदल झाली होती, बाबांनी…

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "जुलैतच कळलं होतं. मले आलेल्या रिपोर्टवर शुक्रवारची तारीख होती. मी तं रविवारी रक्त देल्लं होतं."

मग बोलली का नाहीस?

ती छताकडे बघत बोलली. आवाज अगदी बारीक होता. "तुले सारे विचारत. काय खाल्लं, किती चालली, बीपी किती हाय. मले तुया इतका हेवा वाटे, ताई. दर रविवारी मी तिथंच बसून राहायची. वाटे, कोनीतरी मलेही विचारन. मंग सांगून टाकीन."

दर रविवारी मीही तिथेच बसलेली असायचे. तिच्या ताटाकडे बघत.